घरी बनवलेल्या बेल्ट ग्राइंडरचा रंग आणि गंज: प्रकल्प नोंदी, मार्च ते सप्टेंबर २०२४

३१ मार्च २०२४

कोयते, विळे आणि स्वयंपाकघरातील सुऱ्या घडवण्यासाठी गेले सात महिने सुट्टीच्या दिवशी बनवत असलेला बेल्ट ग्राइंडर (चाकांवरून फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याने धातू घासणारे यंत्र) आज पहिल्यांदा चालला. सांगाडा १२ मिलिमीटर जाडीच्या एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साधे मऊ पोलाद) पट्ट्यांचा आहे. चौकोनी नळीत आतबाहेर सरकणारे दोन दांडे आहेत, मोटर दोन अश्वशक्तीची थ्री फेज असून ती व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर) चालते आणि पट्टा २ इंच रुंद व ७२ इंच घेराचा आहे. यंत्र कसे बनवले याच्या नोंदी मी वेगळ्या ठेवल्या आहेत. येथे फक्त रंगाचे आणि गंजापासून बचावाचे काम लिहिणार आहे, कारण आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आहे आणि ज्या मागच्या पडवीत हे यंत्र राहणार आहे तिथे पावसाळ्यात भिंतीवरचा खिळासुद्धा आठ दिवसांत तांबूस होतो.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची कामे सुरू होण्याआधी रंग संपवायचा आहे. माझा अंदाज दोन रविवार आणि हजार रुपये असा आहे. (हा अंदाज तसाच ठेवतो. खाली काय झाले ते वाचणाऱ्याने पाहावे.)

७ एप्रिल

सर्व भाग सुटे केले. अँगल ग्राइंडरला वायरचा वाटी ब्रश लावून प्रत्येक पट्टी घासली. काळपट निळी पट्टी घासल्यावर आरशासारखी चमकू लागली, तेव्हा ती स्वच्छ झाली असे मी धरून चाललो. टर्पेंटाइनने पुसून रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात दिला. दुपारी चार वाजता प्रायमर बोटाला कोरडा लागल्यामुळे गडद हिरव्या सिंथेटिक इनॅमलचा पहिला हात दिला आणि अंधार पडता पडता दुसरा. प्रायमर, इनॅमल, टर्पेंटाइन आणि दोन ब्रश मिळून ६१० रुपये झाले.

८ एप्रिल

सकाळी पाहिले तर दुसऱ्या हाताची चकाकी गेलेली होती आणि आडव्या पट्ट्यांवर पांढुरकी झाक आली होती. संध्याकाळी हवेत दमटपणा वाढतो, रात्री जाड पट्टी थंड पडते आणि न वाळलेल्या रंगावर दव बसते, हे शेतात राहणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये, तरीही मी तसेच केले. दोन कोपऱ्यांत, जिथे रंग जाड साचला होता, तिथे म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या आहेत. खालचा थर ओला असताना वरचा थर दिला की असे होते. यंत्रच आहे, दिवाणखान्यातले कपाट नव्हे, असे म्हणून सोडून दिले.

२१ एप्रिल

यंत्र जोडून दोन आठवडे वापरले. आज सांगाड्याला सी क्लॅम्प लावून आवळला आणि सोडवला, तेव्हा क्लॅम्पच्या तोंडाला दोन रुपयांच्या नाण्याएवढा रंगाचा पापुद्रा चिकटून आला. पापुद्र्याच्या पाठीला लोखंडाचा काळा, चकचकीत थर होता. म्हणजे रंग लोखंडावरून सुटला नव्हता. रंगाने ज्याला धरले होते तो थरच लोखंडावरून सुटला होता.

गाड्यांचे रंगकाम करणाऱ्या एका ओळखीच्या पेंटरना तो तुकडा दाखवला. त्यांनी नखाने खरवडून पाहिले आणि म्हणाले, ‘‘सर, ही चमक लोखंडाची नाही, वरच्या सालीची आहे. तुम्ही साल काढली नाहीत, पॉलिश केलीत.’’

ही साल म्हणजे मिल स्केल. कारखान्यात तापलेल्या लोखंडाची पट्टी लाटली जाते तेव्हा तिच्यावर ऑक्साइडचा कठीण थर बसतो. वायर ब्रशची तार या थरापेक्षा मऊ असल्याने थर निघत नाही, नुसता चकाकतो. त्यात पुढे भेगा पडतात, भेगेतून ओल आत जाते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाच्या बारीकशा जागेवर गंज अधिकच वेगाने खोल जातो, कारण शेजारची साल आणि लोखंड मिळून ओलाव्यात एक छोटी बॅटरीच तयार होते. वरचा रंग कितीही महाग असला तरी तो या सालीबरोबरच निघून येणार.

२३ एप्रिल

साल कुठे आहे आणि कुठे नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) परीक्षा केली. आमच्याकडे सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करतात, त्यामुळे मोरचूद घरात होतेच. चमचाभर मोरचूद पेलाभर पाण्यात विरघळवून कापसाच्या बोळ्याने पट्टीवर लावले. जिथे लोखंड उघडे होते तिथे क्षणात तांब्याचा रंग चढला आणि जिथे साल होती तिथे पट्टी काळीच राहिली. मी ‘स्वच्छ’ केलेल्या पट्टीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काळा राहिला.

ही परीक्षा करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. चढलेले तांबे घासून पूर्णपणे काढावे लागते. ते रंगाखाली राहिले तर शेजारच्या लोखंडाला गंजायला मदतच करते. म्हणून परीक्षा टीचभर जागेवर करावी, मी केली तशी सगळ्या पट्टीवर नव्हे.

२८ एप्रिल

सगळा रंग खरवडून काढण्यात शनिवार गेला. त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही.

साल काढण्यासाठी दोन मार्ग होते, फ्लॅप डिस्क (अँगल ग्राइंडरला लावायची, पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) किंवा आम्ल. मोठ्या सपाट पट्ट्यांना ६० नंबरची फ्लॅप डिस्क चालवली. एक डिस्क साधारण पाऊण तास टिकली. अशा आठ डिस्क लागल्या, प्रत्येकी ७० रुपये. कोपरे, भोके आणि नळ्यांची तोंडे यांत डिस्क पोचत नाही, म्हणून लहान भाग आम्लात घालायचे ठरवले आणि येथे या प्रकल्पातील सर्वांत महाग चूक झाली.

फरशी साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल प्लास्टिकच्या टबात पातळ केले. पाण्यात आम्ल घातले, आम्लात पाणी नव्हे, एवढे मला ठाऊक होते. लहान भाग त्यात सोडून टब पडवीच्या कोपऱ्यात ठेवला, वर फळी झाकली आणि झोपायला गेलो. सकाळी भाग छान राखाडी झाले होते, पण टबातून रात्रभर निघालेल्या वाफेने पडवीतील बाकीचे सगळे लोखंड लाल केले होते. व्हर्नियरचे (बारीक मापे घेण्याच्या हत्याराचे) जबडे, व्हाइसचा स्क्रू, उघड्या डब्यातील बावीस ड्रिल बिट आणि माझ्या वडिलांची जुनी कानस, सर्वांवर बारीक तांबूस पूड बसली होती. व्हर्नियर पूर्वीसारखा सरकत नाही, आता नवा घ्यावा लागेल. आम्ल वापरायचेच असेल तर ते अंगणात, हत्यारांपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, हातमोजे आणि चष्मा घालून वापरावे. पट्टा ताणणारी स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट मात्र आम्लात कधीही घालू नयेत. कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि ताण आल्यावर अचानक तुटते. ही एक गोष्ट मी आधी वाचलेली असल्यामुळे स्प्रिंग वाचली.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आम्लातून काढलेले भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून नंतर साध्या पाण्याने धुतले. पुसून वाळवेपर्यंतच त्यांच्यावर पिवळसर गंज दिसू लागला. आम्लाने उघडे केलेले लोखंड इतके उतावीळ असते की ओल्या हवेत त्याला दहा मिनिटेही पुरतात. एका लिटरची फॉस्फोरिक आम्लाची गंजनाशकाची बाटली २६० रुपयांना आणली आणि ब्रशने लावली. पिवळा गंज गेला आणि राखाडी, किंचित खरखरीत थर राहिला. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे उरलेले द्रावण ओल्या फडक्याने पुसून भाग उन्हात वाळवले. याच्या खरखरीवर प्रायमर चांगला धरतो.

दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर हायड्रोक्लोरिकच्या वाटेला न जाता लहान भाग स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवीन. वेळ अधिक लागतो, पण हत्यारे शाबूत राहतात.

५ मे

या वेळी रेड ऑक्साइड न घेता दोन डब्यांचा (रंगात हार्डनर मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर घेतला, एक लिटरचा संच ६४० रुपयांना. साध्या रेड ऑक्साइडने जाळीच्या दारांचे काम भागते. पण येथे रंगावर दिवसभर पाण्याचे तुषार उडणार, तापलेल्या लोखंडाचे कण आदळणार आणि वर समुद्राची हवा, म्हणून खर्च केला.

पहाटे लवकर उठून रंग लावावा असा माझा बेत होता, तो पेंटरनी मोडला. सकाळी हवा तापू लागते, पण १२ मिलिमीटरची पट्टी रात्रीची थंडी धरून असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान तीन अंशांनी अधिक असले पाहिजे, असा रंगकामातील नियम आहे. मी तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र शेजारून मागून आणले. आठ वाजता आर्द्रता ८८ टक्के होती, साडेअकराला ६४ टक्के झाली. पट्ट्या उन्हात ठेवून हाताला कोमट लागू दिल्या, मग सावलीत आणून पुसल्या. रंग साडेअकरा ते दोनच्या मध्ये लावला. तापलेल्या पट्टीवर उन्हातच रंग लावला तर तो पसरण्याआधी आटतो, म्हणून सावली.

स्वच्छ झालेल्या पट्टीला उघड्या हाताने शिवू नये. मी एका पट्टीला घामट हाताने उचलले होते. मागाहून रेड ऑक्साइडचा उरलेला रंग त्या पट्टीच्या एका कडेला लावून पाहिला, तर चार दिवसांत बोटांचे ठसे फुगून वर आले. घामातील मीठ रंगाखाली ओल ओढून घेते.

७ मे

आज आमच्या मतदारसंघात लोकसभेचे मतदान. रंगाचे दुकान बंद, थिनर संपलेला, म्हणून प्रायमरचा दुसरा हात राहिला.

११ मे

सहाव्या दिवशी दुसरा हात देणार होतो, तेवढ्यात डब्यावरील बारीक अक्षरे वाचली. पहिल्या हातानंतर दिलेल्या मुदतीत दुसरा हात द्यावा, मुदत टळल्यास पृष्ठभाग घासून घ्यावा. इपॉक्सी पूर्ण कडक झाला की वरचा थर त्याला रासायनिक पकड घेऊ शकत नाही, नुसता वर बसतो. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळे भाग मळकट दिसेपर्यंत घासले. तीन तास गेले. दुकान बंद असणार हे कॅलेंडर पाहून आधीच कळले असते.

१२ मे

वरचा रंग पॉलियुरेथेनचा, दोन डब्यांचा, एक लिटरचा संच ९२० रुपयांना. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, म्हणून वरून हा थर. गनने मारला असता तर गाडीसारखा दिसला असता आणि पेंटरनी गन द्यायची तयारीही दाखवली होती. मी नाही म्हटले. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याचे तुषार फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. गनने मारताना बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, तो माझ्याकडे नाही. मोकळ्या अंगणात, वाफा गाळणाऱ्या काडतुसांचा मुखवटा लावून (१,१५० रुपये), ब्रश आणि लहान रोलरने दोन हात दिले. धुळीसाठीचा कापडी मास्क या कामाला पुरत नाही. ब्रशच्या रेषा दिसतात. दिसोत.

हार्डनरच्या डब्याचे झाकण नीट न बसवल्याने उरलेला हार्डनर दोन दिवसांत मुरंब्यासारखा घट्ट झाला. त्याला हवेतील ओल चालत नाही.

१९ मे

जोडणी. सरकणारा दांडा नळीत गेला नाही.

हा संपूर्ण रविवार यात गेला. नळीचे आतले माप ४०.५ मिलिमीटर आणि दांडा ४० मिलिमीटरचा, म्हणजे एकूण मोकळीक अर्धा मिलिमीटर. रंगाआधी दांडा लोण्यासारखा सरकत असे. मी उत्साहाने दांड्याच्या चारही बाजूंना आणि नळीच्या आतही, लांब ब्रश घालून, प्रायमरचे दोन व वरचे दोन असे चार हात दिले होते. चार हातांची जाडी साधारण ०.१३ मिलिमीटर धरली, तर दांड्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू आणि नळीच्या दोन बाजू मिळून ०.५२ मिलिमीटर होते. हिशेब करायला दोन मिनिटे लागली. तो रंगाआधी केला असता, तर एक रविवार वाचला असता.

दांडा घासून उघडा करणे सोपे होते, पण नळीच्या आतला इपॉक्सी काढणे म्हणजे शिक्षाच. लाकडी चौकोनी काठीला ८० नंबरचा पेपर चिकटवून, आतबाहेर करत पाच तास घासले. इपॉक्सी चांगला धरला आहे याची खात्री मात्र पटली.

याच दिवशी उरलेल्या चुका सापडल्या. बेअरिंगच्या दोन भोकांत प्रायमरचा ओघळ गेला होता, तो स्क्रेपरने काढावा लागला. आट्यांच्या भोकांत मी जुने बोल्ट अर्धे पिळून ठेवले होते, ती युक्ती उत्तम चालली. ज्या दोन भोकांत बोल्ट लावायला विसरलो, त्यांत पुन्हा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवावा लागला. पट्टा ज्या सपाट तबकडीवर घासतो ती, चाकांचे पृष्ठभाग, एकमेकांवर बसणारी यंत्रण केलेली तोंडे आणि मोटरच्या कवचावरच्या, ती थंड ठेवणाऱ्या पंख्या यांना रंग लावलेला नव्हता. या कामात सर्वांत आधी करायला हवी होती ती ‘रंग कुठे लावायचा नाही’ याची यादी. मी ती शेवटी, चुका मोजत केली.

२६ मे

यंत्र सुरू करून टेकूच्या (घासताना वस्तू जिच्यावर टेकवतात त्या) पट्टीवर हात ठेवला, तेव्हा बोटांना मुंग्या आल्या. पाय अनवाणी होते आणि पडवीची जमीन ओलसर होती. लगेच बंद केले.

मल्टिमीटरने मोटरच्या अर्थिंगच्या स्क्रूपासून टेकूपर्यंत मोजले, तर जोड दिसलाच नाही. मोटर रंगवलेल्या पट्टीवर, पट्टी रंगवलेल्या सांगाड्यावर, टेकू रंगवलेल्या कोनावर, प्रत्येक ठिकाणी मध्ये रंग. रंगाआधी लोखंडाला लोखंड लागत होते म्हणून सगळे यंत्र आपोआप अर्थ होत होते आणि मला वेगळी तार टाकायची आठवणही झाली नव्हती. व्हीएफडीवरील मोटरमधून थोडा गळका प्रवाह अर्थला जातच असतो. त्याला वाट मिळाली नाही की तो माणसातून जातो.

दुरुस्ती अशी केली. सांगाडा, मोटरचा पाया आणि टेकूचा कोन यांवर रुपयाएवढी जागा घासून चकचकीत केली, दातेरी वॉशरसह एम-६ बोल्ट बसवले आणि २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तार सगळ्यांतून नेऊन व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला जोडली. आता कोणत्याही भागापासून अर्थपर्यंतचा रोध ०.३ ओहमच्या आत येतो. घासलेल्या जागा गंजू नयेत म्हणून बोल्ट आवळल्यावर त्यांच्यावर पेट्रोलियम जेली लावली. घराच्या अर्थिंगचीही वायरमनकडून तपासणी करून घेतली. रंगकामाच्या नोंदीत विजेचे इतके लिहिणे अस्थानी वाटेल, पण हा दोष रंगानेच निर्माण केला होता.

२ जून

बोल्टांना रंग लावला तर पाना लागताच तो उडतो, म्हणून बोल्ट काळे केले. गॅसच्या शेगडीवर जुन्या तव्यात तापवून जवसाच्या तेलात टाकले, बाहेर काढून पुन्हा हलके तापवले, असे तीन वेळा. झिंक चढवलेले बोल्ट तापवू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. ते मी तसेच वापरले.

तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या चिंध्यांत ती साठून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या अंगणात दोरीवर पसरून वाळवल्या.

उघड्या दांड्याला आईच्या सांगण्यावरून खोबरेल लावून पाहिले. आठवड्यात ते चिकट झाले आणि घासणीचा सगळा भुगा त्याला बसला. आता मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून ते पातळ लावतो आणि वाळल्यावर पुसतो. दांडा सरकतो आणि भुगा धरत नाही.

३० जून

पाऊस लागून तीन आठवडे झाले. यंत्रावर प्लास्टिकची ताडपत्री घातली होती. काल काढली तेव्हा तिच्या आतून थेंब टपकत होते. जमिनीतून येणारी ओल ताडपत्रीखाली कोंडली जाते. आता जुनी सुती चादर घालतो आणि पायांखाली रबराचे तुकडे ठेवले आहेत.

रंगावर विटकरी ठिपके दिसले तेव्हा पोटात गोळा आला होता. पण नखाने खरवडल्यावर ते निघाले. खालचा रंग धड आहे. घासताना उडालेले लोखंडाचे कण रंगावर बसून तेच गंजतात. काम संपल्यावर ओल्या नव्हे, कोरड्या ब्रशने झाडायचे, हा आता नियम केला आहे.

१५ सप्टेंबर

गौरी-गणपती गेल्यावर यंत्र पुन्हा पूर्ण उघडून पाहिले. पट्ट्यांवर कुठेही फुगवटा नाही. क्लॅम्पच्या खुणांपाशी रंग दबला आहे, पण निघालेला नाही. काळ्या केलेल्या अठरा बोल्टांपैकी पाच तांबूस झाले आहेत, सगळे पाण्याच्या तुषारांच्या बाजूचे. त्यांना नुसते काळे करणे पुरले नाही, तिथे झिंकचे लावणार. मेण लावलेला दांडा स्वच्छ आहे.

एकूण खर्च ५,०७० रुपये झाला. नवा व्हर्नियर आणि ड्रिल बिट यात धरलेले नाहीत. तास मोजले तर एकेचाळीस, त्यांपैकी प्रत्यक्ष ब्रश हातात होता ते जेमतेम सहा.

एक काम राहिले आहे. मुख्य उभ्या चौकोनी नळीचे वरचे टोक मी बंद केले, खालचे उघडे ठेवले. आज त्यातून आरशाने पाहिले तर आत लाल पूड दिसली. नळी दोन्ही टोकांनी वेल्ड करून हवाबंद करायला हवी होती, किंवा खाली पाणी निथळण्याचे भोक ठेवून आत तेल फिरवायला हवे होते. आता वेल्ड केले तर रंग जळेल, म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत यंत्र उलटे करून आत जुने इंजिन ऑइल फिरवणार आहे.